गाठीच्या आत

मुंबईच्या मांडवीतलं धान्याचं गोदाम. साल १८९६, सप्टेंबर सरत आलाय. पाऊस ओसरला असला तरी गोण्या अजून दमट आहेत, आणि तुम्ही त्यांच्या थप्पीआड उभे आहात. पायाशी एक उंदीर पडलाय. ‘पडलाय’ हाच शब्द. पुढच्या दोन-चार वर्षांत साऱ्या मुलखाला तो कळणार आहे: घरात उंदीर पडला की चूलबोळकी उचलायची आणि गावाबाहेर माळावर झोपड्या घालायच्या. पण आज तो कुणाला ठाऊक नाही. घाटावरून आलेला एक हमाल त्या उंदराला शेपटीला धरून उचलतो, दाराबाहेर भिरकावतो आणि पुढच्या गोणीखाली खांदा घालतो.

तुमची नजर त्याच्या नडगीवर राहू द्या. तिथे आत्ताच काहीतरी उडून बसलं.

तुम्हाला इथे आणण्यामागे माझं एक गाऱ्हाणं आहे. प्लेग म्हटलं की आपल्याला रँड आठवतो, गणेशखिंडीचा रस्ता आठवतो, चापेकर बंधू आठवतात. सोजिरांनी घरात घुसून केलेल्या झडत्या आठवतात. ‘केसरी’तला ‘ग्रंथिक सन्निपात’ हा भारदस्त शब्दही एखाद्याला आठवतो. सगळं आठवायलाच हवं. पण आपल्या प्लेगच्या आठवणीत प्लेगचा जंतू सोडून सगळं आहे. एक कोटीहून जास्त माणसं ज्याने या देशातून नेली, त्याने ती नेमकी कशी नेली हे आपण कधी विचारलं नाही. जंतू आला, माणूस मेला, एवढ्यावर आपण थांबलो. मधल्या चार-पाच दिवसांत त्या जांघेतल्या गाठीत काय चाललं होतं?

ते पाहायचं तर मागे जाऊन भागत नाही, लहानही व्हावं लागतं. लंकेत शिरताना मारुतीला जे करावं लागलं तेच. तुम्ही मात्र मारुतीपेक्षा पुष्कळ लहान व्हा: मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे.

आता त्या पिसवेच्या आत या.

ही पिसू भुकेने कासावीस झाली आहे. मेलेल्या उंदराचं अंग थंड पडू लागलं तशी ती त्याला सोडून बाहेर पडली आणि जे पहिलं ऊबदार कातडं मिळालं त्याला चिकटली. ती रक्त ओढते आहे, पण घशाखाली उतरत नाही. तिच्या जठराच्या तोंडाशी जंतूंनी स्वतःभोवती चिकट लगदा करून बूच बसवलंय. १९१४ साली बेकट आणि मार्टिन हे दोघे संशोधक हे बूच शोधून काढतील. तोवर ही पिसू अशीच चावत राहणार, ओढलेलं रक्त बुचाला धडकून परत जखमेत येणार आणि येताना जंतू घेऊन येणार. उपाशी पिसू जास्त वेळा चावते. जंतूला हवंय तेच.

त्या उलटलेल्या रक्ताबरोबर तुम्हीही हमालाच्या कातड्याखाली येऊन पडता. आजूबाजूला थोडेच जंतू आहेत. प्रयोगशाळेतल्या उंदराला दहाहूनही कमी पुरतात, म्हणून ‘थोडे’ या शब्दाने निर्धास्त होऊ नका.

सगळ्यात आधी जाणवते ती ऊब. पिसवेच्या पोटात २६ अंशांच्या आसपास होतं, इथे ३७. तुम्हाला हा फरक उकाड्याइतकाच वाटेल, जंतूसाठी मात्र ही घंटा आहे. तो पेहराव बदलू लागतो. त्याच्या बाहेरच्या आवरणात चरबीचे रेणू असतात. गारव्यात त्या प्रत्येकाला सहा शेपट्या होत्या, उबेत जे नवे रेणू बनतात त्यांना चारच. आपल्या पेशींच्या दारावर या शेपट्या ओळखणारे पहारेकरी उभे असतात. सहा शेपट्या दिसल्या की ते हाकाटी करतात. चार दिसल्या तर त्यांना संशयच येत नाही.

पण कपडे बदलायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात शरीराचे गस्तवाले पोचलेले असतात. आधी न्यूट्रोफिल: संख्येने दांडगे, आयुष्य तोकडं, दिसेल ते गिळणारे. त्यांच्या पोटात गेलेले पुष्कळ जंतू मरतात. काही मात्र तगतात. इथे एक गंमत आहे, आणि ती २०१४ साली कागदावर आली. जंतू पोटात घेतलेला न्यूट्रोफिल आपल्या अंगावर ‘मला उचला’ अशी खूण वर आणतो. मरणाला टेकलेली पेशी अशी खूण दाखवते आणि शेजारच्या मोठ्या भक्षक पेशी तिला निमूट गिळून टाकतात. या मोठ्या पेशी म्हणजे मॅक्रोफेज. न्यूट्रोफिलबरोबर जंतूही त्यांच्या पोटात जातो, लग्नाच्या वऱ्हाडात घुसलेल्या आगंतुकासारखा. आणि मॅक्रोफेजच्या पोटात त्याला हवी ती सवड मिळते.

तिथून लसीकेच्या प्रवाहात, तिथून जांघेतल्या ग्रंथीत. नडगीला चावलं तर गाठ जांघेतच यायची.

पुढे जाण्याआधी क्षणभर १९७२ मध्ये, स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला डोकावू. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि ॲलिस्टर करी हे तिघे एका निबंधावर काम करत आहेत. पेशी मरतात हे सगळ्यांनाच माहीत होतं. या तिघांचं म्हणणं असं की काही पेशी ठरवून, पद्धतशीर मरतात. नाव हवं होतं, ते तिथल्या ग्रीकच्या प्राध्यापकाने सुचवलं: अपोप्टोसिस, झाडाची पानं गळणं. असं मरताना पेशी आधी आकसते, आतला पसारा आवरते, लहान लहान गाठोडी बांधते. शेजारी ती गाठोडी उचलतात आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. मी याला आवरून मरणं म्हणतो. तुमच्या शरीरात रोज अब्जावधी पेशी अशा आवरून जातात, आणि तुम्ही चहा पीत असता.

दुसरं मरण वेगळं. पेशीच्या आत शिरलेला परका ओळखू आला की ती स्वतःच्या कातडीला भोकं पाडून घेते, फुगते, फुटते आणि फुटताना आतला सगळा दारूगोळा बाहेर फेकते. ताप चढतो, सूज येते, फौज धावून येते. हे बोंब मारून मरणं. १९९२ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी दाखवलं की रक्ती आवेचा जंतू शिगेला मॅक्रोफेजला मारतो, आणि तेव्हा त्यांनी त्या मरणाला अपोप्टोसिसच म्हटलं. ते दुसऱ्या जातीचं आहे हे पुढे लक्षात आलं आणि २००१ साली त्याला पायरोप्टोसिस हे नाव मिळालं. त्यातला ‘पायरो’ म्हणजे आग.

पेशीपाशी हे दोन मार्ग असतात, आणि दोन्ही तिचीच शस्त्रं आहेत. जंतू घरात शिरला तर घरच पाडायचं, म्हणजे त्याला वाढायला आडोसा उरत नाही. तेव्हा जंतूपुढचा प्रश्न ‘हिला मारू कसा’ एवढाच नसतो. ही कधी मरेल आणि मरताना किती ओरडेल, हे कोण ठरवणार? जांघेतली सगळी लढाई याच प्रश्नावर चालली आहे.

चला परत.

ग्रंथीत आता तुमच्या शेजारी एक मॅक्रोफेज आहे, डोंगराएवढा. त्याला एक जंतू येऊन चिकटतो. हा जंतू आता वाढून, कपडे बदलून, पूर्ण तयारीत बाहेर आलेला. त्याच्या अंगावर सुया उभ्या आहेत, पोकळ, प्रत्येकी साठेक नॅनोमीटरच्या. सुईची लांबी मोजायला त्याच्याकडे एक प्रथिन आहे, अक्षरशः मोजपट्टी. फार आखूड झाली तर पोचणार नाही, फार लांब झाली तर मोडेल. सुई मॅक्रोफेजच्या कातडीला भिडते आणि तिच्यातून प्रथिनं आत सरकू लागतात. त्यांना योप म्हणतात: योप-एच, योप-ई, योप-जे, योप-एम.

पहिली दोन मॅक्रोफेजचे हातपाय बांधतात. पेशीचा सांगाडा ढिला पडतो, आता तिला काही गिळता येत नाही. भक्षकाचं तोंडच बंद झालं.

योप-जेचं काम बघण्यासारखं आहे. संकट कळलं की पेशीच्या आत एकापाठोपाठ एक प्रथिनांवर फॉस्फेट बसत जातो आणि निरोप केंद्रकापर्यंत पोचतो: दाहाची रसायनं सोडा, तग धरायची तयारी करा. या साखळीत फॉस्फेट बसायच्या ठरलेल्या जागा असतात. योप-जे तिथे आधीच जाऊन ॲसिटिलचा गट चिकटवून ठेवतं. एसटी फलाटाला लागायच्या आत कुणीतरी खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना, अगदी तसं. फॉस्फेट येतो, बघतो तर जागा अडलेली. निरोप तिथेच थांबतो. २००६ साली ही युक्ती उघड झाली, तोवर जंतूची अशी चाल कुणी पाहिली नव्हती.

पेशी मात्र अगदीच भोळी नाही. गस्तवाल्याची शिट्टी दर तासाला ऐकू येते तोवर वाडा निवांत झोपतो. शिट्टी येईनाशी झाली तर म्हातारी माणसं उठून बसतात. पेशीतही असंच एक शहाणपण आहे: धोक्याची चाहूल लागूनही आपला निरोप पुढे जात नसेल, तर कुणीतरी तार कापली आहे असं समज आणि मर. कॅस्पेज-८ नावाचं कात्रीसारखं प्रथिन कामाला लागतं.

ग्रंथीतला तुमच्या शेजारचा मॅक्रोफेज आता मरतोय. नीट बघा, कसा मरतोय? वर्षानुवर्षं संशोधक सांगत होते की योप-जेमुळे येणारं मरण आवरून येणारं आहे, मुकं. २०१८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की हीच कात्री गॅसडर्मिन-डी या प्रथिनालाही कापते, आणि त्याचे तुकडे पेशीच्या कातडीत जमून वीसेक नॅनोमीटरची भोकं पाडतात. म्हणजे मुकी समजलेली पेशी बोंब मारत होती. ऐकणाऱ्यांचे कान कमी पडले. पाठ्यपुस्तकातली एक ओळ अशी खोडली जाताना पाहण्यात मला फार आनंद होतो, हे कबूल करतो.

आता योप-एमकडे वळू, कारण खरा डाव तिथे आहे. जंतूने पेशीचा सांगाडा ढिला केला होता, आठवतंय? पेशीत त्यावरही राखणदार आहे. त्याचं नाव पायरिन. सांगाडा सांभाळणारी प्रथिनं कुणीतरी निकामी करतंय असं दिसलं की पायरिन जागं होतं आणि बोंब मारण्याची यंत्रणा सुरू करतं. चोराने दाराची कडी काढली की तिला बांधलेली घंटा वाजावी तसं. आणि म्हणून जंतू येताना योप-एम घेऊन येतो. ते पेशीच्याच दोन-चार एन्झाइमना हाताशी धरून पायरिनला कुलूप लावायला लावतं. घंटेला फडकं गुंडाळणारा माणूस घरातलाच.

या फडक्याची गोष्ट मांडवीपासून दूर, भूमध्य समुद्राकाठी जाते. तुर्की, अरब, आर्मेनियन, ज्यू लोकांत एक आनुवंशिक ताप आढळतो. अधूनमधून अंग फणफणतं, पोट दुखतं, दोन-तीन दिवसांत उतरतं. पायरिनच्या जनुकात बदल झाल्याने तो होतो. हा बदल इतक्या लोकांत का टिकला? २०२० साली एक उत्तर पुढे आलं: या बदललेल्या पायरिनवर योप-एमचं कुलूप नीट बसत नाही. तसा बदल असलेल्या उंदरांना प्लेगचा जंतू टोचला तर ते जास्त तगतात. एका जंतूशी झालेली जुनी झुंज आजही कुणाच्या तरी घरात तापाच्या रूपाने उठते. घंटा फार हलकी बांधली की ती वाऱ्यानेही वाजते.

मग जंतू जास्तीत जास्त पेशी मारत सुटत असेल, असं वाटेल. इथेच मी अनेकांना फसलेलं पाहिलंय, स्वतःही फसलो होतो. प्लेगचा जंतू काही हजार वर्षांपूर्वी पोटाचा आजार करणाऱ्या एका साध्या जंतूपासून निघाला. त्याचे ते नातेवाईक योप-जे सढळ हाताने टोचतात आणि पेशी पटापट मारतात. प्लेगवाला मात्र हात राखून टोचतो. २००९ साली संशोधकांनी प्लेगच्या जंतूला नातेवाइकाचं जहाल प्रथिन दिलं आणि तो उंदरांच्या कातडीखाली टोचला. तो अधिक घातक व्हायला हवा होता. झालं उलटं: त्या वाटेने त्याला रोगच करता येईना. जास्त पेशी मारल्या की जास्त गवगवा होतो.

आणि त्याला गवगवा का नको, हे कळण्यासाठी त्या भुकेल्या पिसवेकडे परत जायला हवं. तिचा घोट मायक्रोलिटरहूनही कमी. तेवढ्याशा थेंबात पुरेसे जंतू जायचे तर यजमानाच्या प्रत्येक मिलिलिटर रक्तात ते कोटींनी असायला हवेत. इतकी वाढ व्हायची तर चार दिवस शांतता हवी. ती मिळाली नाही तर पुढची पिसू रिकामी जाईल आणि वंश तिथेच खुंटेल. त्याचा हात आखडता आहे तो या घोटाच्या हिशेबाने. दयामाया कुठेच नाही.

चौथा दिवस. तुम्ही पुन्हा माणसाएवढे होऊन चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत उभे आहात. हमाल तळमळतोय, जांघेत अंड्याएवढी गाठ आहे, पाय सरळ करवत नाही. आता लपवाछपवी संपली. ग्रंथीत जिकडेतिकडे फुटलेल्या पेशी आणि जंतूंचे गठ्ठे, आणि तिथून ते रक्तात उतरलेत. फौज आता धावून येते आहे, पण येतेय ती मांडव जळून गेल्यावर. गोधडीच्या शिवणीत एक पिसू वाट पाहते आहे.

जवळच्याच नवरोजी हिल भागात डॉ. अकासिओ व्हिएगस अशाच एका खोलीतून बाहेर पडत आहेत. गोव्यातल्या हडफड्याचा हा डॉक्टर. त्यांनी गाठ पाहिली, ताप पाहिला आणि याला प्लेग म्हणायचं धाडस केलं. व्यापारी शहराला हे नाव ऐकायचं नव्हतं. आज धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. कधी गेलात तर थांबून बघा, बहुतेक जण बघत नाहीत.

दहा जानेवारी १८९७, भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज. ओदेसाचे वाल्देमार हाफकिन इथे तीन महिन्यांपासून काम करताहेत. हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई. चंबूतल्या रश्शावर त्यांनी तुपाचे थेंब तरंगत ठेवलेत, आणि त्या थेंबांना लटकून जंतू खाली पांढऱ्या पारंब्यांसारखे वाढलेत. तूप म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलं साजूक तूपच. हे जंतू उष्णतेने मारायचे आणि टोचायचे. हाफकिन आज ते आधी स्वतःला टोचून घेतात. योप, पायरिन, गॅसडर्मिन यातलं एक नावही त्यांना माहीत असणं शक्य नाही. चोर पाहिलेला नाही, पण वाड्याला त्याची ओळख आधीच करून द्यायची हे त्यांनी बरोबर ओळखलंय. पुढे ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आजही ती तिथेच आहे, त्यांच्याच नावाने.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, १० मार्चला, पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला पाठीवर घालून त्यांनी आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं होतं. मी तुम्हाला त्या खोलीत नेणार नाही.

परत या, आजच्या मुंबईत. प्लेग गेलेला नाही. मादागास्करमध्ये तो दरवर्षी डोकं वर काढतो. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर पडले, मग पिसवा वाढल्या, मग गाठी दिसल्या. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारखी औषधं त्याला आवरतात, पण ती लवकर सुरू करावी लागतात, गाठीतली शांतता संपायच्या आत. मुंबई महापालिकेचे रात्रपाळीचे मूषकसंहारक अजूनही टॉर्च आणि काठी घेऊन गल्ल्या पालथ्या घालतात. त्यांच्याकडे बघून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा मांडवीला जाऊन यावं.

थंड पडणारं अंग पिसवा सोडून जातात, हे तुम्ही गोदामात पाहिलंच आहे. तेव्हा पोटमाळ्यावर किंवा दुकानात उंदीर मेलेला सापडला, तर त्या हमालासारखं शेपटीला धरून उचलू नका. एकापाठोपाठ दोन-तीन सापडले तर वॉर्ड ऑफिसात, गावात असाल तर आरोग्य केंद्रात, त्याच दिवशी कळवा.